रॉक-पॉपमधले गाजलेले क्षण: चहाच्या वेळी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा धंदा साऊंडचा. ऑर्केस्ट्रा, भावगीतं, कीर्तन, गणपतीतले कार्यक्रम, मधूनच एखाद्या कॉलेजचा बँड, कोणी बोलावेल तिथे मिक्सर घेऊन जायचं. गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर गिटारचा क्लास आहे, तिथली पोरं सुटली की खाली चहाला येतात आणि मग सुरू, काका हे खरं का, काका ते खरं का. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आलेत की म्हटलं एकदाचं टाइपच करून टाकू. मला यातलं ग्लॅमर फार कळत नाही, मी कुठल्याही शोमध्ये आधी वायर कुठून गेली ते बघतो, त्यामुळे उत्तरंपण तशीच येणार, चालवून घ्या.

"स्मोक ऑन द वॉटर"मधली आग खरंच लागली होती का?

लागली होती, डीप पर्पल या रॉक बँडच्या त्या गाण्यात सांगितलीये तशीच. ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, तळ्याकाठचा कॅसिनो. आत फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक गिटारिस्टचा शो चालू होता, प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन छताकडे उडवली आणि सगळा कॅसिनो जळून खाक. माणसं वाचली पण झॅपाचं सामान गेलं, आणि सहाच दिवसांनी लंडनमध्ये एका प्रेक्षकानं त्याला स्टेजवरून खाली ढकललं, कितीतरी महिने व्हीलचेअरवर होता बिचारा, पनवती म्हणजे किती. डीप पर्पलवाले गावात आले होते ते याच कॅसिनोत अल्बम रेकॉर्ड करायला, रोलिंग स्टोन्स या बँडचा रेकॉर्डिंगचा ट्रकपण भाड्यानं आणला होता. ट्रक राहिला, जागा गेली.

मला जास्त आवडतो तो पुढचा भाग. दुसरी जागा मिळाली, पॅव्हिलियन नावाचं थिएटर, भर गावात. रात्री त्या रिफचा (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) ट्रॅक वाजवायला घेतला, शेजारीपाजारी उठले, पोलीस आले. आतून बँडच्या माणसांनी दारं धरून ठेवली आणि टेक पूर्ण होईपर्यंत उघडलीच नाहीत. रात्री दहाला हवालदार दारात आणि स्टेजवरून कलाकार बोटानं खुणावतोय "एकच, शेवटचं", हे मी इतक्यांदा बघितलंय की ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा एकटाच हसलो, फरक एवढाच की आम्हाला धरून ठेवायला दार नसतं, मांडव असतो. उरलेला अल्बम त्यांनी हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या पॅसेजमध्ये गाद्या लावून केला.

आणि वरच्या क्लासमधल्या पोरांनो, तो रिफ पिकनं खरवडू नका. डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर दोन तारा एकदम बोटांनी उचलतो, एकदा तसं वाजवून बघा, मग कळेल आपलं इतके दिवस काय चुकत होतं.

बीटल्सनी ऐन भरात लाइव्ह शो का बंद केले?

स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता म्हणून. बाकी कारणं होती, कंटाळा होता, धमक्या होत्या, पण माझ्या लेखी हे मुख्य. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५,६०० लोक होते आणि गाण्याचा आवाज जात होता स्टेडियमच्या भोंग्यांतून, ज्यातून एरवी बेसबॉलच्या मॅचची अनाउन्समेंट व्हायची. गिटारसाठी व्हॉक्स कंपनीनं खास १०० वॉटचे अँप (आवाज वाढवणाऱ्या पेट्या) बनवून दिले होते. १०० वॉट! आज आमच्या गल्लीतल्या बारशाला याच्यापेक्षा जास्त लागतात. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, नाहीत, समोर पोरींच्या किंकाळ्या, मागे ड्रमवर बसलेला रिंगो पुढच्या तिघांच्या (जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन) हलणाऱ्या पाठी बघून अंदाज घ्यायचा की गाणं कुठपर्यंत आलंय. अर्ध्या तासात शो संपला.

शेवटचा तिकिटाचा शो २९ ऑगस्ट १९६६, सॅन फ्रान्सिस्को, कँडलस्टिक पार्क. पॉलनं त्यांच्या प्रेसचं काम बघणाऱ्या टोनी बॅरोला सांगितलं की जरा टेप करून ठेव, त्यानं साधा कॅसेट रेकॉर्डर धरला, एका बाजूला तीस मिनिटं, आणि शेवटचं गाणं चालू असतानाच टेप संपली. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडचा शेवटचा शो आणि शेवट रेकॉर्डच नाही. आमच्यात याला म्हणतात बॅकअप न घेणं.

मग गच्चीवरचा शो तो कुठला? तो पोलिसांनी बंद पाडला ना?

तो नंतरचा, ३० जानेवारी १९६९. तिकीट नाही, जाहिरात नाही, लंडनमध्ये ३ सॅव्हिल रो या त्यांच्या स्वतःच्या ऑफिसची गच्ची, दुपारची जेवणाची वेळ, ४२ मिनिटं. सोबत कीबोर्डवर बिली प्रेस्टन. थंडी एवढी की लेनननं योकोचा फरचा कोट चढवलेला आणि रिंगोनं बायकोचा लाल रेनकोट. वारा माइकमध्ये घुसत होता म्हणून अॅलन पार्सन्स नावाच्या पोरगेल्या टेप ऑपरेटरला दुकानात पिटाळलं, बायकांचे लांब पायमोजे आणायला, ते माइकवर चढवले. (हाच पार्सन्स पुढे पिंक फ्लॉइडच्या "डार्क साइड ऑफ द मून"चा इंजिनिअर.) ही युक्ती चालते बरं का, मी एकदा नदीकाठच्या दिवाळी पहाटेला फोमच्या टोप्या घरी विसरलो होतो तेव्हा केली होती, गायिकाबाईंना शेवटपर्यंत सांगितलं नाही माइकवर काय आहे ते.

पोलीस आले हे खरं, आजूबाजूच्या ऑफिसांनी तक्रारी केल्या होत्या. बीटल्सच्या माणसानं, मॅल इव्हान्सनं घाबरून गिटारचे अँप बंदही केले, जॉर्जनं परत चालू केला. पण अटक वगैरे काही नाही, शेवटचं गाणं त्यांनी पूर्ण वाजवलं, पोलीस बाजूला उभे. लेनन जाता जाता म्हणाला, ऑडिशन पास झालो असू अशी आशा आहे.

बीटल्सच्या रेकॉर्डवर आपले लोक वाजवलेत असं ऐकलं, फेकाफेकी आहे का?

अजिबात नाही, खरं आहे. १९६६चा "रिव्हॉल्व्हर" घ्या, त्याच्या पाठीमागे छापलंय, तबला अनिल भागवत. बाहेरच्या वादकाचं नाव बीटल्सच्या कव्हरवर येणं ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी "सार्जंट पेपर"मध्ये जॉर्जच्या गाण्यात दिलरुबा आणि तबला आहे, तिथे मात्र वादकांची नावं छापलीच नाहीत. पन्नास वर्षांनी, २०१७च्या सुमारास शोधून काढली, त्यात दिलरुब्यावर एक अण्णा जोशी. पन्नास वर्षं जगभर रेकॉर्ड वाजतेय आणि कोणाला माहीतच नाही की तो अण्णा आहे. साथीदाराचं नाव अनाउन्समेंटमध्ये राहून जाणं हा रोग जुनाच दिसतो.

खरी मजा १९६८च्या जानेवारीत. जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत एका सिनेमाचं संगीत रेकॉर्ड करायला. वादकांत शिवकुमार शर्मा होते, बासरीला एस. आर. केंकरे, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंगरेकर. स्टुडिओ धड साऊंडप्रूफ नव्हता, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवायचं, कारण जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांच्या पायांचा धडधडाट माइकमध्ये यायचा. विचार करा, बाहेर क्लार्क लोक व्हीटीची लोकल पकडायला धावतायत आणि आत बीटल थांबलाय, त्यांचा जिना रिकामा व्हायची वाट बघत. त्याच सेशनमध्ये एका गाण्याचं म्युझिक करून तो लंडनला घेऊन गेला, तिथे आवाज चढवला आणि ते बीटल्सच्या "लेडी मॅडोना" या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं, "द इनर लाइट". हेडफोन लावून ऐका, पूर्ण मुंबईचं म्युझिक आहे.

१९७२ला लेड झेपेलिन या रॉक बँडचे पेज आणि प्लांट पण मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर दोन गाणी रेकॉर्ड करून गेले, ती अधिकृत बाहेर यायला २०१५ उजाडलं. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात ते वाजवूनही गेले, ज्यांनी बघितलं त्यांच्या नशिबाचा हेवा वाटतो.

बॉब डिलननं इलेक्ट्रिक गिटार घेतली तर एवढं काय आभाळ कोसळलं? आणि ती कुऱ्हाडीची गोष्ट?

अमेरिकेतला न्यूपोर्ट फोक (लोकसंगीत) फेस्टिव्हल, २५ जुलै १९६५. लोक आले होते लाकडी गिटार आणि माउथ ऑर्गन ऐकायला, डिलन आला बँड घेऊन, आदल्या रात्री कशीबशी तालीम झालेली. आपल्याकडची तुलना करायची तर अभंगाला आलेल्या लोकांसमोर बुवांनी एकदम फुल बँजो पार्टी उभी केली असं समजा. हुर्यो झाली. पण कशाबद्दल झाली यावर आजही वाद आहे, काही म्हणतात इलेक्ट्रिकबद्दल, काही म्हणतात आवाज इतका फाटत होता की शब्दच कळत नव्हते, काही म्हणतात तीन गाण्यांत आटोपलं म्हणून. मी म्हणेन तिन्ही. ड्रम्स, इलेक्ट्रिक गिटार, ऑर्गन सगळं फोकच्या सेटअपमध्ये कोंबल्यावर गाणाऱ्याचा आवाज वर येणार कसा.

कुऱ्हाड म्हणजे पीट सीगर, फोकवाल्यांचे वडीलधारे. ते कुऱ्हाड घेऊन केबल तोडायला धावले अशी दंतकथा. त्यांनी स्वतः सांगितलंय ते एवढंच की मी म्हणालो माझ्याकडे कुऱ्हाड असती तर आत्ता केबल तोडली असती, आणि राग इलेक्ट्रिकचा नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते त्याचा होता. मिक्सरवर बसलेल्यांना आवाज कमी करा म्हणून निरोप गेला, त्यांनी केला नाही. प्रत्येक कार्यक्रमात एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन "अहो जरा कमी करा" म्हणतातच, मी करतो, निदान केल्यासारखं दाखवतो.

शेवटी डिलन साधी गिटार घेऊन परत आला आणि दोन गाणी म्हणाला. डिलनला "जुडास" (म्हणजे गद्दार) अशी आरोळी प्रेक्षकांतून मारली ती इथे नाही, ती मँचेस्टरला, १७ मे १९६६ला. या दोन गोष्टी लोक नेहमी एकत्र कालवतात.

रविशंकरांच्या नुसत्या ट्यूनिंगला टाळ्या पडल्या हा विनोद आहे ना?

विनोद नाही, रेकॉर्डवर आहे. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे बंदिस्त स्टेडियम, कॉन्सर्ट फॉर बांगलादेश. रविशंकरांनी हॅरिसनला सांगितलं, तिकडे निर्वासितांचे हाल आहेत, काहीतरी करूया, आणि त्यातून रॉकमधला हा पहिला मोठा मदतीचा शो उभा राहिला, एका दिवसात दोन प्रयोग. सितारीवर पंडितजी, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर झाकीरभाईंचे वडील अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून झाली तर अख्ख्या गार्डननं टाळ्या वाजवल्या. पंडितजी हसून म्हणाले की ट्यूनिंग एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. मला त्या टाळ्यांचं हसू येत नाही खरं तर, त्या लोकांनी निदान कान देऊन ऐकलं होतं, आमच्याकडे तबला लावताना लोक वडे खायला जातात.

पैशाचं पण सांगतो, कारण कोणी सांगत नाही. तिकिटांचे साधारण २,४३,००० डॉलर युनिसेफला गेले, पण रेकॉर्डचे पैसे टॅक्सच्या लफड्यात वर्षानुवर्षं अडकले, कारण टॅक्समाफीसाठी आधी जो अर्ज करायचा तो घाईत राहून गेला. मंडळाच्या खजिनदारांनी हे पाठ करावं.

आणि हेंड्रिक्सनं गिटार जाळली ती?

ती चार वर्षं आधी, अमेरिकेतल्या माँटरेच्या पॉप फेस्टिव्हलमध्ये, १८ जून १९६७. द हू हा बँड आणि गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स, दोघांनाही दुसऱ्याच्या नंतर जायचं नव्हतं, नाणं उडवलं, हेंड्रिक्स हरला. द हूनं आधी जाऊन गिटार फोडली, मग याला त्याच्यावर कडी करणं आलंच, लायटरचं तेल ओतून पेटवली. त्याच दिवशी दुपारी त्याच स्टेजवर रविशंकर वाजवून गेले होते, त्यांना हे फार लागलं, वाद्याचा अपमान म्हणून. खंडेनवमीला मिक्सरलासुद्धा झेंडूचं फूल वाहणारा मी माणूस, माझं मत विचारू नका.

वुडस्टॉक वुडस्टॉकमध्ये झालंच नाही?

नाही. अमेरिकेतला हा रॉक फेस्टिव्हल त्या गावाच्या नावानं गाजला, पण गाव फेस्टिव्हलच्या जागेपासून साधारण ७० किलोमीटर लांब. झालं ते बेथेल नावाच्या गावी, मॅक्स यास्गर या दूधवाल्या शेतकऱ्याच्या शेतात, १५ ते १८ ऑगस्ट १९६९. तीन दिवसांचं तिकीट १८ डॉलर, पण कुंपण पुरं व्हायच्या आधीच माणसं येऊन बसली, शेवटी म्हणाले जाऊ दे, फुकट. चार लाखांच्या आसपास लोक. रस्ते जाम, ज्यांनी आधी गायचं ते कलाकारच पोचले नाहीत, मग रिची हेवन्सला पुढे केलं, त्याची गाणी संपली तरी थांब थांब चालूच, शेवटी त्यानं उभ्या उभ्या एक जुनं गाणं घेऊन "फ्रीडम, फ्रीडम" करत नवीनच काहीतरी रचलं आणि तेच अजरामर झालं. मुख्य पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकलेत, तोपर्यंत स्थानिक कलाकारानं किल्ला लढवायचा, ओळखीचं वाटतं ना?

शुक्रवारी रात्री पावसात रविशंकर वाजवले, तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. पंडितजींना चिखलात बसलेली ती पोरं बघून आपल्याकडच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या म्हणे. आणि हेंड्रिक्सनं गिटारवर वाजवलेलं ते अमेरिकेचं राष्ट्रगीत, ते लाखो लोकांसमोर नाहीच, तो चढला सोमवारी सकाळी, तोवर बहुतेक गर्दी घरी गेली होती. व्हिडिओत नीट बघा, मागे नुसता कचरा आहे.

त्याच वर्षी कुठे तरी खून पण झाला ना?

अल्टामाँट, कॅलिफोर्निया, ६ डिसेंबर १९६९, रोलिंग स्टोन्सचा फुकट शो. बंदोबस्ताला हेल्स एंजल्स ही बाइकवाल्यांची टोळी, ५०० डॉलरच्या बिअरच्या बोलीवर. जागा ऐनवेळी बदलली, स्टेज आधीच्या टेकाडावरच्या जागेसाठी बनवलेलं, जेमतेम मीटरभर उंच, ते इथे उतारावर खालच्या बाजूला लावलं, म्हणजे मागून गर्दी रेटली की पुढचे थेट स्टेजवर. १८ वर्षांच्या मेरेडिथ हंटरला भोसकून मारलं. लोक छातीठोक सांगतात की तेव्हा "सिम्पथी फॉर द डेव्हिल" हे सैतानाचं गाणं चालू होतं, ते चुकीचं, "अंडर माय थम्ब" चालू होतं. स्टेजची उंची ही फालतू गोष्ट नाही, मंडपवाल्याशी मी यावरूनच भांडतो.

लाइव्ह एडमध्ये एवढे सगळे होते, मग क्वीनच का गाजले?

इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीचा शो, १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, ७२,००० लोक, क्वीनला मिळालेली २१ मिनिटं. एक तर बाकीचे आले आणि वाजवून गेले, यांनी थिएटर भाड्यानं घेऊन घड्याळ लावून तालीम केली. नवीन अल्बमची जाहिरात नाही, सरळ हिट गाणी, तीही कापून. वेळ होता संध्याकाळी पावणेसातचा, लख्ख उजेड, म्हणजे लाइटचा खेळ शून्य, जे काय ते आवाज आणि गायक फ्रेडी मर्क्युरी. आणि तिसरं, जे क्वीनच्या लोकांनी स्वतःच नंतर सांगितलं, की त्यांच्या साऊंडवाल्यानं गुपचूप लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं यंत्र) सरकवला, त्यामुळे ते बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं वाजले. हे ऐकल्यापासून मला तो माणूस जाम आवडतो. दोन बँड एकामागून एक असले की दुसऱ्याचा साऊंडवाला हळूच फेडर वर घेतो, सगळे घेतात, कबूल कोणी करत नाही.

त्याच शोच्या शेवटी पॉल मॅकार्टनी पियानोवर बसला आणि त्याचा माइक पहिली जवळजवळ दोन मिनिटं बंदच होता. जगभर लाइव्ह चालू आहे आणि माइक मेलेला. तो व्हिडिओ मी पूर्ण बघूच शकत नाही, माझ्याच पोटात गोळा येतो.

फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीचा, बरोबर?

पाचगणीत शिकलेला. जन्म १९४६, झांजिबार, पारशी घर, नाव फारोख बलसारा. सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला होता, फ्रेडी हे नाव तिथेच पडलं, आणि १९५८ला पोरांनी काढलेल्या द हेक्टिक्स या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. गायक दुसराच होता. म्हणून पाचगणीला गेलात की नुसत्या स्ट्रॉबेऱ्या आणि टेबललँड करून येऊ नका, त्या शाळेच्या गेटपाशी दोन मिनिटं थांबा.

मूनवॉक मायकल जॅक्सननं शोधला का?

पुढे चालल्यासारखं करत मागे सरकायचं, तो मूनवॉक ना? नाही, गाजवला त्यानं. बिल बेली हा टॅप डान्सर १९५५ला तेच करताना फिल्मवर दिसतो, १९८२ला शालामार या ग्रुपचा जेफ्री डॅनियल ब्रिटिश टीव्हीवर करून गेला. मायकलनं २५ मार्च १९८३ला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात केला, टीव्हीवर दिसला १६ मेला, आणि खलास. तेव्हा तो गात नव्हता, मागे टेप चालू होती, माइक नावाला. १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये झाला तो शो मी गेलो नव्हतो, तिकिटाचे पैसे कुठून आणणार, पण विमानतळावर नऊवारीतल्या सोनाली बेंद्रेनं ओवाळलं तो फोटो मात्र पेपरातून कापून ठेवला होता.

मग मायकलनं ओठ हलवले ते चालतं आणि मिली व्हॅनिलीला का झोडपलं?

मायकलची टेप त्याच्याच आवाजाची होती, राजा. मिली व्हॅनिली या पॉप ग्रुपचे ते दोघं रेकॉर्डवरसुद्धा गायलेच नव्हते. २१ जुलै १९८९ला कनेक्टिकटमध्ये शो चालू असताना ट्रॅक अडकला, एकच ओळ पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा, एक जण शेवटी स्टेजवरून पळालाच. तरी १९९०च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं, नोव्हेंबरमध्ये काढून घेतलं. आपल्याला यात धक्का बसत नाही कारण आपला सगळा सिनेमाच प्लेबॅकवर, पण आपल्याकडेपण "महल"च्या रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी कामिनी छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. गायलं कोण ते छापा, एवढंच तर म्हणणं आहे.

निर्वाणाचं अनप्लग्ड खरंच अनप्लग्ड होतं?

अर्धवट. अनप्लग्ड म्हणजे विजेच्या वाद्यांऐवजी साध्या वाद्यांवर करायचा टीव्हीचा कार्यक्रम, निर्वाणा हा रॉक बँड. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क, लिलीची फुलं, मेणबत्त्या, बँडचा गायक-गिटारिस्ट कर्ट कोबेननं सांगूनच अंत्यविधीसारखा सेट लावून घेतला होता. पण त्याला त्याच्या अँपशिवाय करमेना, मग प्रोड्यूसरनं अँपसमोर एक खोटा डबा ठेवला, मॉनिटरसारखा दिसणारा, म्हणजे टीव्हीवर कळू नये. ऐकताना एका गाण्यात साध्या गिटारला तो खरखरीत सूर येतो तो त्या डब्यामागून येतो. पाच महिन्यांच्या आत कर्ट वारला, आणि ती गिटार २०२०ला ६० लाख डॉलरला विकली गेली.

यातलं आधी काय ऐकू?

बांगलादेशची ट्यूनिंग, मग मुंबईतलं ते जॉर्जचं गाणं, मग क्वीन, मोठ्या आवाजात. मोबाइलच्या स्पीकरवर नाही हां, गोडाऊनमध्ये या, जुने मॉनिटर लावून देतो. फक्त मागच्या वेळी जो कोणी माझी मोठी जॅक पिन घेऊन गेला त्यानं ती आधी आणून द्यावी.